बार्शीच्या कांद्यासाठी माळशिरसच्या माश्या

सोलापूरहून बार्शी, बार्शीहून माळशिरस, परत बार्शी, पुन्हा माळशिरस आणि पुन्हा बार्शी. असल्या प्रवासाचं वर्णन कुणी लिहीत नाही, आणि लिहिलं तरी ते वाचून कुणी बॅग भरायला घेणार नाही. वाटेत ना किल्ला ना धबधबा. फेब्रुवारीचं तापत चाललेलं ऊन, एसटीच्या खिडकीतून येणारी धूळ, दोन्ही अंगांना ऊस नाहीतर मोकळं रान. मी अठ्ठावन्न वर्षांची, मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली बाई. घरी परतून आठवडा झाला तरी माझे गुडघे अजून ताळ्यावर आलेले नाहीत. तरी लिहायला बसले आहे, कारण जे झालं त्यात माझाही हात आहे, आणि ते कुणाला तरी नीट सांगायला हवं.

सुरुवात आक्काच्या फोनने झाली. आक्का माझी थोरली बहीण. चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन बार्शीपासून आत, एका लहान गावात गेली आणि तिथलीच झाली, बोलण्यासकट.

"सुमे, तू रिकामीच हायस न्हवं आता? चार दिवस ये की. हात कमी पडायलेत."

"कशाला गं?"

"माश्या न्हाईत म्हणून."

मला वाटलं, ती घरातल्या माश्यांबद्दल बोलते आहे. माश्या नाहीत तर बरंच आहे की, असं म्हणून मी हसले. ती हसली नाही. "मदाच्या माश्या, सुमे. कांद्याला फुलं आल्यात आन् एकबी माशी न्हाय. आता हातानं करायलोय."

फोन ठेवल्यावर मी गच्चीवर गेले. तिथे पाण्याच्या टाकीचा नळ गळतो, आणि त्याखालच्या ओलीवर उन्हाळ्यात मधमाश्या बसत. कपडे वाळत घालताना त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून मी लांबून फिरत असे. त्या शेवटच्या कधी दिसल्या, हे मला आठवेना. मग शाळेचा तिसरा मजला आठवला. तिथल्या छज्ज्याखाली आग्या मोहोळ असायचं, दर वर्षी त्या वर्गाच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागत. ते कधी गेलं? मुली फुलाचं चित्र काढताना न सांगता शेजारी एक माशी काढायच्या. पाय चुकायचे, पण उडण्याची तऱ्हा बरोबर यायची. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका मुलीने मोबाइलमध्ये बघून माशी काढली होती. पाय अगदी बरोबर होते. मी तिला दहापैकी नऊ दिले आणि पुढच्या वहीकडे वळले.

आक्काचं गाव, रविवार ते मंगळवार

बार्शीच्या स्टँडवर उतरून गावची गाडी धरली. पोचले तेव्हा आक्का ओसरीवर शेंगा फोडत बसली होती आणि दाजी खाटेवर. दीड वर्षापूर्वी दाजींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. आता काठी घेऊन अंगणापर्यंत येतात, बोलतात, पण एक-एक शब्द उचलून ठेवल्यासारखं. मला पाहून त्यांनी आधी पाणी द्यायला सांगितलं आणि मग विचारलं, "सोलापुरात… माशी हाय का?"

"नाही हो दाजी. असली तरी मी पाहिलेली नाही."

त्यांनी मान हलवली, जणू हेच उत्तर येणार होतं.

जेवणात भाकरी, शेंगदाण्याची पातळ आमटी आणि कच्चा कांदा. त्या कांद्याचंच हे सगळं. दाजी तीस-पस्तीस वर्षं घरचं बी धरत आले आहेत. लाल, जरा चपटा, वर्षभर टिकणारा कांदा. बी धरायचं म्हणजे निवडलेले चांगले कांदे हिवाळ्याच्या तोंडाला परत जमिनीत लावायचे. त्यांना डेंगळे येतात, म्हणजे पोकळ उंच दांडे, आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला पांढऱ्या बारीक फुलांचा चेंडूसारखा गोंडा. एका गोंड्यावरचे कण दुसऱ्यावर गेले तरच बी धरतं, आणि ते काम माशीचं. सगळ्यात वाईट म्हणजे कांद्याचं बी साठवून राहत नाही. वर्ष उलटलं की उगवत नाही. मागच्या वर्षी दाजी आजारी, माश्याही कमी, त्यामुळे बी जेमतेम मूठभर आलं होतं. यंदा आलं नाही तर हा कांदा संपला.

"दुकानात मिळतं की बी," मी म्हणाले.

आक्काने भाकरी मोडता मोडता माझ्याकडे पाहिलं. "मिळतंय. पर त्यो आमचा कांदा न्हाय."

सोमवारी सकाळी आठला रानात गेलो. दहा गुंठ्यांचा तुकडा, छातीपर्यंत आलेले डेंगळे, वर पांढरे गोंडे. लांबून पाहिलं तर सुंदर, आणि विलक्षण शांत. फुललेल्या रानात आवाज नाही हे माझ्या आधी लक्षात आलं नाही. आक्का म्हणाली, "ऐक की," तेव्हा आलं. वारा सोडून काहीच नव्हतं.

काम असं: तळव्याला जुन्या मलमलच्या धोतराचा तुकडा बांधायचा आणि प्रत्येक गोंड्यावरून हलका हात फिरवायचा, लहान पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. जोरात फिरवलं की फुलं गळतात. ऊन चढायच्या आत आटपायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, कारण एका गोंड्यातली फुलं एकदम उमलत नाहीत. तासाभरात मनगट भरून आलं. दोन तासांनी मान. मंगळवारी अकरा वाजता आम्ही दोघी बांधावर बसलो तेव्हा अर्धासुद्धा तुकडा झालेला नव्हता.

आक्काने हाताचं फडकं सोडलं. "दोघी मिळून आपुन एक माशी बी न्हाय व्हायलो," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी दाजींनी मला जवळ बोलावलं. पूर्वी माळशिरसकडचा एक धनगर दर वर्षी मेंढरं घेऊन इकडे येई. त्याची मेंढरं दाजींच्या रानात बसत, त्यामुळे रानाला खत मिळे. बिरू त्याचं नाव. आता त्याने मेंढरं कमी करून मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या आहेत, असं दाजींनी ऐकलं होतं. दाजींच्या वहीत त्याचा नंबर होता, तो लागत नव्हता.

"तू जा," दाजी म्हणाले. "माझं नाव… सांग."

कुर्डुवाडीमार्गे माळशिरस, बुधवार

बार्शीहून कुर्डुवाडीला उतरले तेव्हा पुढच्या गाडीला तासभर अवकाश होता. स्टँडबाहेर एक रसवंती यंदाच्या हंगामासाठी नुकतीच थाटलेली दिसली. मालक पन्नाशीचा, गळ्यात मफलर.

"माश्या येत नाहीत का हो तुमच्याकडे?" मी विचारलं.

तो सावध झाला. "न्हाय मॅडम. एकदम स्वच्छ हाय, बगा की."

"तसं नाही. मधमाश्या म्हणते मी."

"त्या व्हय!" त्याने मशीन थांबवलं. "पूर्वी लई यायच्या. चोथ्यावर नुसता थर बसायचा. फडकं मारून मारून हात दुखायचा, गिऱ्हाईक पळायचं. आता सुख हाय."

"कधीपासून येत नाहीत?"

तो विचार करत राहिला. ग्लास भरून माझ्या हातात दिला, तरी विचार चालूच. शेवटी म्हणाला, "ते काय ध्यानात न्हाय बगा. तुमी इचारलं म्हणून कळलं, की येत न्हाईत."

मी रस प्यायले. माझंही तसंच झालं होतं.

माळशिरसला पोचून चौकशी केली, दोन माणसांनी दोन दिशा दाखवल्या. मी चुकीची दिशा आधी निवडली आणि उन्हात तीन किलोमीटर चालून परत आले. चपलेचा अंगठा तुटला तो तिथेच. बिरूतात्यांच्या वस्तीवर पोचले तेव्हा दुपार कलली होती. माळावर दोन खोल्यांचं घर, बाभळीखाली ओळीने मांडलेल्या पेट्या, आणि पेट्यांपासून जरा लांब खाटेवर बसलेला एक सडपातळ म्हातारा, डोक्याला पिवळा पटका. मी काय बोलायच्या आत त्याची बायको पारूबाई चहा घेऊन आली. आमच्याकडे शहरात आधी विचारतात, चहा घेणार का. इथे आधी चहा, मग बहीणभावंडं किती, नवरा काय करतो, मुलं कुठे, आणि सगळ्यात शेवटी कशाला आलात. शेरडाच्या दुधाचा तो चहा पिता पिता मी सगळं सांगितलं.

दाजींचं नाव काढल्यावर तात्या उठून उभे राहिले. "अजून हायत व्हय? मला कुणीतरी गेलं म्हणून सांगितलं."

पण पेट्यांचं म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "न्हाय बाई. आता म्या कुणाच्या रानात देत न्हाय."

ते मला पेट्यांपाशी घेऊन गेले. त्या गुणगुणीजवळ उभी राहिले आणि अंगावर काटा आला. भीतीने नव्हे. हा आवाज मी इतक्या दिवसांत ऐकला नव्हता.

"तीन पिढ्या आमी मेंढरं चारली," तात्या म्हणाले. "पाऊस बगायचा, चारा बगायचा, तिकडं जायचं. हीबी तसलीच हायेत. फूल कुटं हाय ते बगायचं आन् तिकडं न्यायचं. पर मेंढरू वरडतंय तरी. ही गप मरत्यात." गेल्या वर्षी एका डाळिंबाच्या बागेत त्यांनी पेट्या ठेवल्या होत्या. बागवाल्याने न सांगता सकाळी औषध मारलं. निम्म्या पेट्या रिकाम्या झाल्या. "आता हितं फूल न्हाय काय न्हाय. साखरपाण्यावर ठेवल्यात, दावणीला जनावर बांधून ठेवल्यावानी. पर जित्ती तर हायेत."

मी दाजींचा हात सांगितला, आक्काचं मनगट सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "तात्या, मी स्वतः तिथे राहते. आजूबाजूच्या सगळ्या बांधकऱ्यांना सांगते. सकाळी कुणी औषध मारणार नाही. माझा शब्द."

पारूबाई दारातून म्हणाली, "द्या की दोन. त्यांच्या रानात बसलोय आपुन. बाळंतपणात मला त्यांच्याच घरातनं तूप आलतं."

तात्यांनी एकवार पेट्यांकडे पाहिलं. "औषध मारायचंच असलं तर दिस मावळताना. माशी घरात आल्यावर. ध्यानात ठेवा."

त्या रात्री मी त्यांच्याकडेच राहिले. बाजरीची भाकरी आणि हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. दमलेल्या अंगाला ते गरम माडगं जे लागलं, त्याला तोड नाही.

परत बार्शीकडे, गुरुवार ते शनिवार

संध्याकाळी सगळ्या माश्या आत आल्यावर तात्यांनी दोन पेट्यांची दारं जाळीने बंद केली होती. पहाटे त्या त्यांच्या जुन्या पिकअपमध्ये चढवल्या. टेंभुर्णीच्या अलीकडे टायर पंक्चर झालं. दुकान उघडेपर्यंत आम्ही रस्त्याकडेला बसून होतो, आणि तात्या दर पाच मिनिटांनी पेटीला कान लावून येत होते. ऊन वाढलं तर आत गुदमरतील, ही काळजी. माझी ओढणी ओली करून आम्ही पेट्यांवर टाकली.

गावात पोचल्यावर तात्या आधी दाजींकडे गेले. दोघांनी एकमेकांचे हात धरले. मग दाजी म्हणाले, "मेंढरं?"

"इकली," तात्या म्हणाले. "पोरं मेंढरामागं चालंनात."

कांद्याच्या कडेला, सावलीत पेट्या मांडल्या. मुंग्या चढू नयेत म्हणून पेट्यांखालच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. एका परातीत खडे घालून पाणी ठेवलं. दार उघडलं. पहिली माशी बाहेर आली, फळीवर थांबली, उडाली, पेटीकडे तोंड करून हवेत डोलत राहिली आणि मग वर गेली. घर ओळखून घेतात, तात्यांनी सांगितलं. ते त्याच दुपारी परत गेले. मंगळवारी पेट्या न्यायला येतो म्हणाले.

आक्का आणि मी शब्द पाळायला निघालो. कांद्याच्या भोवती चार शेतं. तिघांना काही मारायचंच नव्हतं. चौथा वसंत, पूर्वेच्या बांधाचा, त्याने कलिंगड लावलं होतं आणि ते ऐन फुलात होतं.

"माझ्या कलिंगडालाबी माशी पायजेच की, आक्का," तो म्हणाला. "मी कशाला सकाळी मारंल?" त्याची बायको लता घरातून हुरडा घेऊन आली. त्यांच्या ओट्यावर बसून गरम हुरडा आणि शेंगाची चटणी खाल्ली. माणसं चांगली वाटली. आजही मी तसंच म्हणेन.

शुक्रवार आणि शनिवार हे या सगळ्या प्रवासातले दोन चांगले दिवस. माश्या आधी कलिंगडावर गेल्या. कांद्याचं फूल त्यांना फारसं आवडत नाही असं दिसलं. पण दुपारपासून इकडे वळल्या. गोंड्यावर चार, मग सहा, पायाला पिवळ्या गोळ्या. शनिवारी आक्काने दाजींना धरून, थांबत थांबत रानापर्यंत आणलं. ते बांधावर बसले, डोळे मिटले आणि नुसतं ऐकत राहिले. मी हातावरचं फडकं काढून टाकलं. काही न करता दिवसभर बसणं एवढं सुखाचं असतं हे मी विसरले होते.

रविवार

रविवारी सकाळी मी ओसरीवर आडवी झाले होते. आठवडाभराचा शीण एकदम अंगात उतरला होता. आक्का आत दाजींना आंघोळ घालत होती. साडेआठच्या सुमाराला पूर्वेकडून ट्रॅक्टरचा आवाज आला. मी तो ऐकला. नांगरट असेल असं मनाशी म्हटलं. आवाजात फवारणीच्या पंख्याची घरघर होती हे मला आत्ता आठवतं, की तेव्हाही कळलं होतं, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. एवढं खरं की मी उठले नाही.

अकराला रानात गेलो. पेट्यांच्या दारापुढे माश्या पडल्या होत्या. काही मेलेल्या, काही पाठीवर पडून गरगर फिरणाऱ्या, काही गवताच्या काडीवर चढू बघत होत्या आणि घसरत होत्या. बाहेरून अजून एक-एक माशी येत होती, फळीवर उतरताच लडखडत होती, आणि आतल्या माश्या तिला ढकलून बाहेर काढत होत्या. हवेत औषधाचा गोडसर वास होता.

आक्का तशीच वसंतच्या घराकडे चालू लागली. मी मागे. वसंत दारातच उभा होता. आम्हाला बघून त्याला कळलं.

"आक्का, त्यो ब्लोअरवाला आज सकाळीच आला. आज न्हाय मारलं तर आठ दिस येत न्हाय म्हनाला. किडीनं सगळी पानं वळली व्हती. मी काय करू?"

"मला हाक मारायची," आक्का म्हणाली. "पेट्या झाकल्या असत्या मी. गोणपाट टाकलं असतं." मग आवाज खाली आणून, "हाक तर मारायची, वसंता."

लता आत भिंतीला टेकून उभी होती. आम्ही परत आलो. दुपारी दाजींनी रोजच्यासारखं विचारलं, "आज किती… माश्या?" आक्का म्हणाली, "हायेत." आणि तोंड फिरवून चुलीशी बसली.

पुन्हा माळशिरस, सोमवार

तात्यांच्या वस्तीवर फोन लागत नाही, आणि लागला असता तरी ही गोष्ट फोनवर सांगायची नव्हती. पुन्हा बार्शी, पुन्हा कुर्डुवाडी. या वेळी गाडीत जागा मिळाली नाही; टेंभुर्णीपर्यंत दांड्याला धरून उभी होते. मनात वाक्यं जुळवत होते. "तात्या, एक वाईट बातमी आहे" असं सुरू करावं, की "माफ करा" असं? कुठलंच शेवटपर्यंत जाईना.

तात्या पेट्यांपाशी होते. मला पाहून उठले, आणि माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"कदी मारलं?"

"काल सकाळी. शेजाऱ्याने." मग मी उरलेलंही सांगितलं. "मी आवाज ऐकला होता, तात्या. पडून राहिले. कंटाळा केला."

पारूबाई आतून बाहेर आली होती, ती तिथेच थांबली.

"बाई," तात्या म्हणाले, "मेंढरामागं असताना एकदा म्याबी झोपलोय. लांडग्यानं तीन कोकरं न्हेली. बानं मला काय म्हनलं न्हाय. ते लई वाईट." ते पिकअपकडे निघाले. "म्हनून म्या म्हनतो. तुमी शब्द द्याया नको हुता. आता चला."

त्यांच्या त्या बोलण्याने मला जरा मोकळं वाटलं.

दिवस मावळायच्या बेताला आम्ही रानात पोचलो. तात्यांनी धूर देऊन पहिली पेटी उघडली. चौकटी एक-एक वर काढून उजेडात धरल्या. एका चौकटीवर मूठभर माश्या एका ठिकाणी गोळा झाल्या होत्या. "राणी हाय," ते हलकेच म्हणाले. दुसरी उघडली. तिथे माश्या थोड्या जास्त होत्या, पण सैरभैर. सगळ्या चौकटी दोनदा पाहिल्या. राणी नव्हती.

"वर्तमानपत्र हाय का?"

आक्काने घरून आणलं. तात्यांनी पहिल्या पेटीवर एक कागद पसरला, त्याला काडीने बारीक भोकं पाडली आणि दुसरी पेटी तिच्यावर ठेवली, तळ काढून. दोन घरच्या माश्या एकदम भेटल्या तर एकमेकींना मारतात. मधला कागद कुरतडेपर्यंत वास एक होतो, मग भांडत नाहीत. एवढं सांगून ते बांधावर बसले आणि त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. केस सगळे पांढरे होते.

"दोनाची एक झाली," ते म्हणाले. "जगली तर."

त्या संध्याकाळी ते स्वतः दाजींशेजारी बसले आणि त्यांनीच सगळं सांगितलं. दाजी ऐकून म्हणाले, "बी… धरलंय का?"

बी किती धरलं हे मला इथे परतल्यावर आक्काच्या फोनवर कळलं. ते इथेच सांगून टाकते. पेट्यांच्या बाजूचे गोंडे भरले आहेत, पलीकडचे बरेचसे पोकळ. पुढच्या वर्षी लावण्यापुरतं होईल. त्याहून जास्त नाही.

मंगळवार

सकाळी पेटीच्या दाराशी कागदाचा भुगा पडला होता, छापील अक्षरांचे बारीक बारीक तुकडे. एक माशी मागे मागे सरकत एक तुकडा ओढून बाहेर आणत होती. तात्या वाकून बघत होते. "घेतलं एकमेकाला," ते म्हणाले. दिवसभर थांबून संध्याकाळी दार बंद करून पेटी नेणार होते. आक्काला त्यांनी सरळ सांगून टाकलं, "आक्का, राग मानू नगा. फुडल्या साली म्या आननार न्हाय."

"मी बी मागनार न्हाय," आक्का म्हणाली.

मी पिशवी भरली. बार्शीची गाडी सव्वादहाला होती. निरोप घ्यायला रानात गेले तर पूर्वेच्या बांधावर वसंत आणि लता उभे होते. रविवारपासून आक्का त्यांच्याशी बोलली नव्हती. वसंत तात्यांकडे बघत होता, पण पुढे येत नव्हता. कलिंगडाची पिवळी फुलं उमलली होती आणि त्यांच्यावर काहीच नव्हतं. लताच्या हातात एक फूल होतं, देठाला बारकं हिरवं फळ असलेलं. त्या मादी फुलाला आजच नराचे कण लागले नाहीत तर ते दोन दिवसांत पिवळं पडून गळतं.

"तात्या," वसंत शेवटी म्हणाला, "आठ दिस पेटी राहू द्या. माझं चुकलं. पर आता ह्याला…"

"न्हाय," तात्या म्हणाले. रागाने नव्हे. "मूठभर राहिल्यात. त्यास्नी इसावा पायजे."

वसंतने मान खाली घातली. मग लताने फूल पुढे केलं, वसंतकडे नाही, तात्यांकडेही नाही.

"आक्का," ती म्हणाली, "ह्येला हातानं कसं लावायचं?"

आक्का तिच्याकडे बघत राहिली. आक्काच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती; पंधरा दिवस ती धड झोपली नव्हती. मला वाटलं ती पाठ फिरवेल. तिने तशी फिरवली असती तर मी तिला दोष दिला नसता.

"नराचं फूल तोडायचं," आक्का म्हणाली, "पाकळ्या मागं सारायच्या, आन् ह्येच्यात हलकंच टेकवायचं. हलकंच. धा वाजायच्या आत. मग ऊन हुतंय, लागत न्हाय." तिने सूर्याकडे पाहिलं. "आता नऊ झाल्यात. तुमी दोगंच करनार व्हय एवढं?"

लताने होकारार्थी मान हलवली.

आक्काने पदर कमरेला खोचला आणि बांध ओलांडला. गाडीला अजून वेळ होता. मी पिशवी तात्यांजवळ ठेवली, चपला काढल्या आणि तिच्या मागे गेले.